जावयाच्या गाडीवरचा चीक

सन दोन हजार सात. मला चौसष्टावं चाललं होतं आणि झाडावर चढताना अजून कुणाचा हात लागत नव्हता. त्या साली धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला, ऐन आंब्याच्या दिवसांत. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी जावई म्हणजे देव. देवानं लाथ मारली तरी प्रसाद म्हणायचं. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तिचा हा पहिला धोंडा.

आमचं गाव बेल्ह्याच्या अलीकडं. जावई मंचरचा, तिकडं त्याचं खताचं दुकान. माणूस गोरागोमटा, बोलायला गोड. पण तो गोडवा गिऱ्हाइकापाशी संपायचा, बायकोपर्यंत पोचायचा नाही. दिवाळीला लेक आली होती तेव्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि उठून भांडी घासायला गेली. मी विचारलं, "बरं हाय ना?" ती म्हणाली, "बरं हाय." आमच्या घरात याहून जास्त बोलत नाहीत.

सकाळी ऊन तापायच्या आत काळी चारचाकी अंगणात आली. अशी चकचकीत, की तिच्यात आमचं घर उलटं दिसत होतं. आमच्या आळीत जावई फटफटीवर येतात, फार तर जीप भाड्यानं करून. शेजारचा भाऊबंद, माझा चुलतभाऊ, लगेच हजर. हा आधी टेम्पो चालवायचा, बेल्ह्याच्या बैलबाजाराची जनावरं वाहायचा. आता गुडघे गेले, पण जीभ शाबूत. तो गाडीभोवती फिरायला लागला, बैलाभोवती फिरतात तसा.

"नवी घेतली का, पावणं?"

"कोरी हाय," जावई म्हणाला.

"दाराचा आवाज जरा खोकल्यावानी येतोय."

"नव्या गाडीचं दार तसंच असतंय. तुमाला टेम्पोची सवय."

लेक गाडीतून उतरून पदर सारखा करत होती. तिनं वर बघितलं नाही. मला वाटलं, गाडी लागली असेल.

जावयानं गाडी मागं घेतली आणि नेमकी आंब्याखाली लावली. माझ्या अंगणात एकच झाड आहे, खोबऱ्या आंबा, माझ्या बापानं लावलेला. फळ लहान, पण गर खोबऱ्यासारखा घट्ट. एकच वाईट खोड आहे त्याला, चीक फार. देठ आखूड तुटला की चिकाची पिचकारी उडते. अंगावर पडली तर कातडं जळतं आणि काळी खपली धरते. म्हणून जाणता माणूस चार बोटं देठ ठेवून आंबा काढतो, खाली पालथा घालतो, चीक जिरू देतो.

मी म्हटलं, "पावणं, हितं नगा लावू. आज आंबा उतरवायचाय. चीक उडंल."

धोंड्याला आलेल्या लेकीची आंब्यांची पाटी बापानं आपल्या हातानं भरायची. विकतचा आंबा चालत नाही, आदल्या दिवशी काढलेला चालत नाही. दुसऱ्यांकडं चालत असेल. माझ्या घरात चालत नाही.

जावई हसला. "मामा, तुमच्या झाडापायी मी नवी गाडी उन्हात तापवू का? आंबं उद्या उतरवा. आन एवढं काय त्याचं कौतुक, आमच्याकडं असली फळं ढोरांपुढं टाकत्यात."

भाऊबंद खो-खो हसला. हसायलाच आला होता तो. लेक पिशवी हातात धरून तशीच उभी.

मी एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगायची आपल्याला सवय नाही, बैलालाही नाही. जावई आत जाऊन पंख्याखाली कॉटवर लवंडला, टीव्हीवर हिंदी पिक्चर लावला. मी धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधला, टोपली घेतली आणि झाडावर चढलो.

बायको स्वयंपाकघरातून पळत आली. हात पुरणानं भरलेले. "अवं, खाली गाडी हाय!"

"दिसतीय मला."

"मग?"

"मग काय? आंबा झाडाला लागतो. झाडावरच चढाय लागतं."

त्या दिवशी मी देठ ठेवला नाही. एकेक आंबा पिरगाळून काढला. चीक पानांवर उडत होता, माझ्या मनगटावर उडत होता, आणि खाली टपावर, बॉनेटवर टपटप पडत होता. वरून बघितलं तर काळ्या पत्र्यावर दवासारखे थेंब दिसत होते. दिसायला चांगले होते.

जेवणाचा थाट बायकोनं मोठा केला होता. पाट, रांगोळी, निरांजन. जावयाला नवा सदरा आणि टोपी दिली. त्यानं सदरा अंगात घातला, बाही ओढून बघितली आणि माझ्या बायकोला म्हणाला, "मामी, असलं कापड आमच्या दुकानातली हमाल मंडळी वापरत्यात. पण असू द्या, मान हाय तुमचा." धोंड्यावर तूप कमी वाटलं त्याला. बायकोनं तांब्या रिकामा केला. लेक वाढत होती. तिनं आईनं दिलेली नवी हिरवी साडी नेसली होती. मी जेवत होतो. मला त्या दिवशी चांगली भूक लागली होती.

जेवून बाहेर आलो तेव्हा दुपार चढली होती आणि आंब्याची सावली गाडीवरून पलीकडं सरकून गेली होती. ज्या सावलीसाठी एवढं बोलला ती कुंपणावर पडलेली, आणि गाडी उन्हात भाजत होती. चीक वाळून त्याचे तांबडे-काळे ठिपके झाले होते. टपावर, बॉनेटवर, दारावर. देवी आलेल्या माणसासारखी गाडी.

जावयानं माझ्याकडं बघितलं. मला काही बोलला नाही. धोंड्याच्या दिवशी सासऱ्याला बोललं तर लोक नावं ठेवतात, तेवढं त्याला कळत होतं. तो लेकीकडं वळला.

"तुझ्या बापाचं झाड, तुझ्या बापाचा चीक. काढ."

"जरा ऊन उतरू द्या," ती म्हणाली.

"आत्ता."

तिनं बादली आणली. नव्या साडीचा पदर खोचला आणि गाडी पुसायला लागली. पाण्यानं चीक निघत नसतो, हे तिला माहीत होतं, पण नवऱ्यानं सांगितलं की आधी पाणी मार. पाणी मारलं. ठिपके ओले झाले, वाळले, आणि होते तिथंच राहिले. मग तिनं नखानं एक ठिपका उकरला.

"नखं लावू नगंस! चरा पडंल."

"मग कशानं काढू?"

"ते तू बघ. माहेर कुणाचं हाय?"

तो ओट्यावर बसला. माझ्या बायकोनं पान करून दिलं, ते चघळत बसला. भाऊबंद त्याच्या शेजारी. आळीतल्या दोन-चार बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, कामाचं निमित्त काढून. मी दुसऱ्या टोकाला चऱ्हाट वळत बसलो होतो.

"हितं ऱ्हायलं," जावई बसल्या जागेवरून सांगायचा. "त्या कोपऱ्यात बघ. न्हाई, तिकडं न्हाई. डोळं हायत का बटाटं?"

भाऊबंद म्हणायचा, "पावणं, गाडीला एक अंगडं शिवा राव. टोपडं बी शिवा. दृष्ट लागती."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. लेकीनं वर बघितलं नाही. ती घरात जाऊन गोडेतेलाची बरणी आणि जुनं मऊ धोतर घेऊन आली. लोणच्याचा आंबा चिरणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. तेल लावायचं, चीक मऊ पडू द्यायचा, मग बोटाला फडकं गुंडाळून हळूच पुसायचं. घासायचं नाही. ती एकेक ठिपका तशीच काढत गेली. पत्रा इतका तापलेला की हात टेकवता येत नव्हता. ती फुंकर मारायची आणि परत टेकवायची. एकदा तिनं मनगटानं कपाळाचा घाम पुसला आणि तेलातला चीक गालाला लागला. तिला कळलंच नाही. आम्हाला दिसत होतं. कुणी सांगितलं नाही.

मी उठायला लागलो तसा बायकोनं माझा सदरा मागून धरला. "आज धोंड्याचा पावणा हाय. तुमी गप ऱ्हावा. हात जोडते."

मी बसलो.

चीक सगळा निघाला. पण वाळलेला चीक नुसता वर बसत नाही, खाली खातो. जिथं जिथं थेंब पडला होता तिथं रंगाची चमक मेली होती. काळ्यावर राखाडी डाग. तेलानं थोडा वेळ झाकले जायचे, पुसलं की परत वर यायचे.

जावई ओट्यावरून उतरला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिचं बोट एका डागावर टेकवलं. तापल्या पत्र्यावर. "हे काय?" मग दुसऱ्या डागावर. "आन हे? हे?" आवाज चढवला नाही त्यानं. दुकानात पोतं मोजावं तसं शांत चाललं होतं. "ह्यो डाग निघंपर्यंत तू हितंच ऱ्हायचं. मी चाललो. तू काढ, मग ये."

बाया हसायच्या थांबल्या.

मी बायकोच्या हातातनं माझा सदरा सोडवून घेतला आणि चुलीपाशी गेलो. राखेचं घमेलं, काथ्याची बोंडी आणि रॉकेलची बाटली घेऊन आलो. लेकीला म्हटलं, "पोरी, हो बाजूला."

तिनं ते घमेलं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "दादा, नगं. पाया पडते तुमच्या, ऱ्हाऊ द्या. मी काढते."

मला वाटलं, नवऱ्याला भिऊन म्हणते. बॉनेटवर रॉकेल ओतलं, राख टाकली आणि परात घासतात तसं घासायला लागलो. जावई ओरडला, "मामा, रंग जाईल!" मी म्हटलं, "पावणं, डागच काढायचाय ना? काढतो." माझ्या हातात अजून जोर होता. चार हात मारले आणि काथ्याबरोबर काळा पापुद्रा निघून आला, उन्हानं पाठीचं कातडं सोलतं तसा. खाली पांढरं.

पत्रा नव्हे. पांढरा रंग. जुना, पिवळट पडलेला, त्याच्यावर चरे.

क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी भाऊबंदाच्या आलं. त्याची अख्खी हयात बैलबाजारात गेलेली. बेल्ह्याला काही व्यापारी म्हातारा बैल आणतात, शिंगावरची वयाची वळी कानशीनं घासून काढतात, वर रंग देतात, पांढरे केस काळे करतात आणि चौसा, चार दातांचा तरणा बैल, म्हणून गळ्यात बांधतात. म्हणून आमच्याकडचा माणूस बैल घेताना हात ओला करून आधी घासून बघतो.

"आयला!" भाऊबंद मांडीवर थाप मारून ओरडला. "पावण्यांनी बैल रंगवून आणला की राव! आरं दात बघा रं, कुणीतरी दात बघा!"

सगळी आळी हसली. कुंपणावरच्या बाया हसल्या, रस्त्यानं चाललेला दूधवाला सायकल थांबवून हसला. बायको आजही म्हणते की तिथं मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही. बैल रंगवलेला निघाला की पुरता धुऊन बघायचा असतो. परातीएवढा गोल पांढरा होईस्तोवर मी घासत राहिलो. मग काथ्या खाली टाकला आणि म्हटलं, "बघा पावणं. आता डाग हाय का?"

जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दोन वर्षं त्यानं जे तोंड घेऊन माझ्या घरात मिरवलं ते मला त्या दिवशी उतरलेलं दिसलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

त्यानं नवा सदरा अंगातून काढला, राखेच्या घमेल्यात टाकला. टोपी त्याच्यावर. बनियनवर गाडीत बसला. लेक दुसऱ्या दाराकडं गेली तर त्यानं आतून कडी लावली.

"ऱ्हा आता. बापाच्या राखंत लोळ."

आणि गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं खर्रर. परत खर्रर. "बैल बसला!" भाऊबंद म्हणाला. परत हशा. एक माणूस पुढं झाला नाही. मीही नाही.

मग लेक गाडीच्या मागं गेली. एकटी. तेलानं माखलेले हात तिनं डिकीला लावले आणि ढकलायला लागली. नवी साडी पायात अडकत होती. "ढकल गं बाय, ढकल!" भाऊबंदानं आरोळी दिली. अंगणाचा उतार होता म्हणून गाडी हलली, रस्त्याला लागली, खोकली आणि चालू झाली. तिला वाटलं असेल की तो थांबेल. ती धावत दारापर्यंत गेलीसुद्धा. तो थांबला नाही. धुरळा बसेपर्यंत ती रस्त्यात उभी होती, आणि हसणारे सगळे आपापल्या घरी गेले, धारा काढायची वेळ टळून चालली होती म्हणून.

संध्याकाळी तिच्या गालावर चिकाचा फोड आला. आईनं तूप लावलं. मी ओट्यावरून आत आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"मला म्हायती व्हतं," ती म्हणाली. "रंग मारून आणली तवा मीच संगं व्हते. धोंड्याला जायचं म्हणून मारला रंग. सासऱ्याच्या आळीत नव्या गाडीतनं उतरायचं, एवढीच हौस त्याची. म्हणला, कुठं बोलू नगंस. मी न्हाई बोलले."

मी म्हटलं, "तुजं बोट त्यानं तापल्या पत्र्यावर धरलं."

"धरलं. आन वाटंनं बडबडला असता. नारायणगाव येईस्तोवर गप झाला असता. घरी गेल्यावर चहा ठेव म्हणला असता. मला म्हायती हाय माझं माणूस, दादा. डाग ऱ्हायला असता तर मी आत्ता माझ्या घरी असते." गालावरचा फोड बोटानं चाचपला. "त्याच्यापाशी तेवढाच मान व्हता, वरवरचा. तुमी त्यो चारचौघांत खरवडून काढला. आता त्यो माझ्याकडनं वसूल करंल."

"मग जाऊ नगंस. ऱ्हा हितं."

"हितं?" तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमच्यापाशी?"

आणि हसली. सबंध दिवसात ती तेवढी एकदा हसली. दुपारच्या हसण्याचं मला काही वाटलं नव्हतं, भाऊबंदाच्या हसण्याचं तर नाहीच. हे हसणं मात्र मला अजून ऐकू येतं.

"मी उद्या जाणार," ती म्हणाली. "एकटी जाईन."

तिचं खरं की माझं खरं, याचा निवाडा मी करत बसलो नाही. अजूनही करत नाही. माझ्या अंगणात माझ्या लेकीचं बोट कुणी भाजवलं तर मी परत राख आणीन. पण धोंड्याला आलेली लेक एकटी आणि रिकाम्या हातानं परत जात नाही. ती रीत मोडायचा मला अधिकार नाही, जावयालाही नाही.

सकाळी तांबडं फुटायला मी झाडापाशी गेलो. काल काढलेल्या आंब्यांची पाटी तशीच होती. देठ तुटून चीक अंगावर ओघळल्यानं फळं काळी पडली होती. ती सगळी गोठ्यात ढोरांपुढं ओतली. मग झाडावर चढलो आणि चार बोटं देठ ठेवून एकेक आंबा काढला, खाली गवतावर पालथा घातला, चीक जिरू दिला, फडक्यानं पुसला आणि पाटी भरली. लेक पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं देठ बघितले.

पहिली एसटी धरली, आळेफाट्याला बदलली. वाटेत ती खिडकीकडं आणि मी पाटीकडं बघत बसलो. मंचरला त्यांच्या दारात काळी गाडी उभी होती. बॉनेटवर लेकीचीच एक जुनी साडी पसरून वर चार दगड ठेवले होते. जावई पायरीवर दात घासत बसला होता. त्यानं मला बघितलं, तिला बघितलं, चूळ भरली. ती त्याच्या बाजूनं आत गेली. मागं वळून बघितलं नाही. तो उठला, तिच्यामागं आत गेला आणि दार लावून घेतलं.

मी थोडा वेळ उभा राहिलो. आतून काही ऐकू आलं नाही. मग साडीवरचे दगड खाली ठेवले, साडीची घडी घालून पायरीवर ठेवली आणि डोक्यावरची पाटी उतरवून बॉनेटवर ठेवली, बरोबर त्या पांढऱ्या गोलावर. मावली. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. मी पाणी न पिता स्टँडवर गेलो आणि परतीची एसटी धरली.